पांडा जेवत असताना

श्रोतेहो, नमस्कार.

पांडा हा प्राणी मुंबईतल्या मुलांना अगदी लहानपणापासून ओळखीचा असतो, आणि तरीही त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. दप्तरावर, कंपासपेटीवर, वाढदिवसाच्या केकवर तो जागोजागी भेटतो. परंतु भारतातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात आज काळा-पांढरा पांडा नाही. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिउद्यानात आहे तो तांबडा पांडा. तो सिक्कीमचा राज्यप्राणी आहे आणि दिसायला मोठा देखणा आहे, पण त्याचे कूळच निराळे. काळा-पांढरा पांडा पाहायचा, तर देशाची सीमा ओलांडावी लागते. आमच्या कुटुंबाने तो सिंगापूरला पाहिला. त्या वेळी माझी ऐंशी ओलांडलेली आई बरोबर होती आणि त्या काचेसमोर बसून ती जे बोलली, त्याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

त्यासाठी आईची ओळख आधी करून द्यायला हवी. आमचे घर लालबागच्या एका चाळीत होते. वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, कामाला होते आणि आई घरात खानावळ चालवीत असे. गिरणगावातल्या खानावळी हा मुंबईच्या इतिहासातला मोठा भाग आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून इथे एकटा राही, दहा-पंधरा जणांच्या गाळ्यात वळकटी टाकण्यापुरती जागा त्याच्या वाट्याला येई, आणि दोन वेळचे जेवण त्याला अशाच एखाद्या बाईच्या हातचे मिळे. जेवायला येणाऱ्याला ‘मेंबर’ म्हणत. या बायकांना कर्ज आणि संघटनेचे बळ मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला बाहेरच्या जगात काही नाव मिळाले. तोवर ते ‘घरात जेवण करणे’ एवढेच समजले जाई.

आईकडे एक लांबट वही असे. तिच्यात प्रत्येक मेंबराच्या नावापुढे महिन्याचा हिशेब आणि त्याचे खाडे लिहिलेले असत. खाडा म्हणजे न जेवलेली वेळ. तिचे पैसे वजा होत. पण आईचा खरा हिशेब वहीत नव्हता, तो ताटावर होता. रोज तीन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाने चतकोर मागे ठेवला, की ती काही न विचारता दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पेज वेगळी काढून ठेवी. गावाहून वाईट बातमीचे पत्र आले आहे, साहेबाशी बोलाचाली झाली आहे किंवा अंगात बारीक ताप आहे, हे तिला उष्ट्या ताटावरून कळत असे. मेंबर तिला वहिनी म्हणत, आणि वहिनीसमोर पोट दुखत नसल्याची बतावणी करण्यात काही अर्थ नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

रविवारी दुपारी मटणाचे जेवण असे आणि रात्री खानावळ बंद. आठवड्यात आईच्या चुलीला मिळणारी सुटी एवढीच. अण्णांची गिरणीही त्या दिवशी बंद असे. म्हणून दुपारची भांडी घासून झाली, की आम्ही चौघे लालबागहून भायखळ्याच्या दिशेने चालत राणीच्या बागेत जात असू. बसचे पैसे वाचवून आत शिरल्यावर भाजलेले शेंगदाणे घ्यायचे, हा अण्णांचा शिरस्ता.

ही बाग 1862 मध्ये लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तिला राणी व्हिक्टोरियाचे नाव होते. 1969 मध्ये ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली. तरी आमच्या तोंडी राणीची बाग हेच नाव राहिले आहे आणि जिजाऊ ही राणीच होती, तेव्हा त्यात कुणाला वाईट वाटण्याचे कारण नाही. फाटकाजवळच्या संग्रहालयाबाहेर, ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटाला ज्याच्यावरून परदेशी लोकांनी एलिफंटा हे नाव दिले, तोच हा हत्ती. 1864 मध्ये तो उचलून विलायतेला नेण्याचा प्रयत्न झाला, साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे मुंबईत आणून 1914 मध्ये जोडण्यात आले. अण्णा आम्हांला आधी हा हत्ती दाखवीत आणि मग खरा. 1965 मध्ये काळा घोडा चौकातून उचललेला राजाचा अश्वारूढ पुतळाही याच आवारात येऊन राहिला होता. गोरखचिंचेचे जाड खोड, हत्तीवरची रपेट, माकडांसमोरची गर्दी या सगळ्यांत आम्हां भावंडांचा जीव रमे. आई मात्र पिंजऱ्यांपाशी फारशी रेंगाळत नसे. सावलीतल्या बाकावर चपला काढून पाय लांब करून बसणे, ही तिची राणीची बाग.

पांडा आमच्या घरात शिरला तो 1972 साली. त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले आणि एप्रिल महिन्यात चीनने पांड्यांची एक जोडी वॉशिंग्टनला भेट म्हणून धाडली. चाळीतल्या वाचनालयात येणाऱ्या वृत्तपत्रात त्यांचे छायाचित्र छापून आले. त्या काळच्या छपाईत वाघाचे पट्टे पुसट होत आणि मोराचा तर पार कोळसा होई. पांडा मात्र जसा आहे तसाच्या तसा कागदावर उमटला होता. 1961 मध्ये स्थापन झालेल्या जागतिक वन्यजीव निधीने आपल्या बोधचिन्हासाठी पांडाच निवडला, त्यामागेही एका रंगात छापता येणारा, म्हणून स्वस्तात पडणारा प्राणी हा विचार होता, असे मी पुढे वाचले तेव्हा मला ते लगेच पटले. माझा धाकटा भाऊ ते चित्र पाहून हट्टाला पेटला. त्याला राणीच्या बागेतला पांडा पाहायचा होता, आणि राणीच्या बागेत जगातले सगळे प्राणी असतात याबद्दल त्याची खात्री होती.

अण्णांनी त्याला नाही म्हटले नाही. पुढच्या रविवारी ते त्याला अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर घेऊन गेले. काळेभोर, झिपरे अस्वल, आणि छातीवर पांढुरका पट्टा. “हा पांड्याचा चुलतभाऊ,” अण्णा म्हणाले. “मोठा भाऊ चीनला असतो. हा इकडे नोकरीला आलाय.” गावी अर्धे कुटुंब आणि मुंबईत अर्धे, अशा घरात वाढलेल्या मुलाला या व्यवस्थेत काहीही खटकले नाही. पुढे कित्येक वर्षे तो शाळेत ‘मी पांडाच्या भावाला पाहिले आहे’ असे सांगत असे.

गंमत अशी, की अण्णांच्या या थापेला शास्त्राने पुढे दुजोरा दिला. 1869 मध्ये आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मोपदेशकाने सिचुआनच्या डोंगरातून पांड्याची माहिती युरोपला कळवली, तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षे प्राणिशास्त्रज्ञांचा वाद चालू होता, की हा अस्वलांच्या कुळातला आहे, रॅकूनच्या, की तांबड्या पांड्याबरोबर याचे तिसरेच कूळ मांडायचे. 1980 च्या दशकात रेणूंच्या पातळीवर तपासण्या झाल्या आणि पांडा हे अस्वलच, असा निर्वाळा मिळाला. तांबडा पांडा त्या कुळाबाहेर राहिला. अण्णा तोवर हयात होते. भावाने ही बातमी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी शेंगदाणे सोलता सोलता “मग मी काय सांगितलं होतं?” एवढेच विचारले.

आता सिंगापूरकडे येते. भावाची मुलगी तिथे नोकरीला आहे. आजीला एकदा विमानात बसवायचे, असा तिचा पण होता आणि भावाचा जुना पांडा अजून राहिलाच होता. तिथल्या रिव्हर वंडर्स या प्राणिउद्यानात काई काई हा नर आणि जिया जिया ही मादी 2012 पासून आहेत. बाहेर लालबागच्या मे महिन्याइतका घाम, आणि पांड्यांच्या दालनात मात्र 18 ते 22 अंश तापमान राखलेले. सिचुआनच्या थंड डोंगरातल्या प्राण्याला विषुववृत्तापाशी ठेवायचे, तर याला पर्याय नाही. आत शिरताच आईने पदर डोक्यावरून घेतला. आम्ही तिची चाकाची खुर्ची कठड्यालगत लावली.

काई काई जेवायला बसला होता. ‘बसला होता’ हे मी माणसाविषयी म्हणावे तसेच म्हणते आहे. पाठ टेकून, मागचे दोन्ही पाय पसरून आणि पोट मोकळे सोडून तो बसला होता. उजव्या पंजात बांबूचा दांडा, आणि तो दातांच्या कडेला लावून त्याची हिरवी साल तो पट्ट्यापट्ट्यांनी सोलत होता. साल पोटावर पडत होती आणि आतला पांढरा गाभा करकर आवाज करीत तोंडात जात होता. पाने आली, की रीत बदले. फांदीवरची पाने तो एकेक करून ओरबाडी, तोंडाच्या एका कोपऱ्यात धरून ठेवी, पुरेशी जमली की ती जुडी पंजात घेई आणि विड्यासारखी दुमडून चावी. हे सारे त्याला जमते ते त्याच्या खोट्या अंगठ्यामुळे. पंजाच्या पाच बोटांव्यतिरिक्त मनगटाचे एक हाड वाढून पुढे आले आहे आणि त्याच्या आधाराने तो दांडा पकडतो. 

आम्ही छायाचित्रे काढली, कौतुक केले, आणि सर्वसाधारण प्रवासी जसे करतात, त्याप्रमाणे पुढे निघण्याच्या तयारीला लागलो. आई हलेना. “अगं, हा कधीपासून जेवतोय?” तिने विचारले. भाचीने भिंतीवरचा फलक वाचून सांगितले, की पांडा दिवसाचे दहा ते चौदा तास खातच असतो आणि एका दिवसात बारापासून अडतीस किलोपर्यंत बांबू संपवतो. आईने तो आकडा दोनदा वदवून घेतला. “आणि अंगी किती लागतो?” हा तिचा पुढचा प्रश्न.

श्रोतेहो, पांड्याविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे, आणि तो त्या दालनात आईखेरीज कुणी विचारला नाही. पांड्याचे आतडे मांसाहारी प्राण्याचे आहे, आखूड आणि साधे. गाईम्हशींसारखे रवंथाचे अनेक कप्पे त्याच्या पोटात नाहीत. त्यामुळे खाल्लेल्या बांबूचा जेमतेम पाचवा हिस्सा, किंबहुना त्याहूनही कमी, त्याला पचतो; उरलेला जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून तो सारखा खातो. इतर अस्वले अंगावर चरबी साठवून हिवाळाभर झोपून राहू शकतात, पण बांबूवर तेवढी चरबी चढत नाही, म्हणून पांड्याला बर्फातही जेवायला बाहेर पडावे लागते. भाचीने हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे ह्याचा कधी खाडा नाही.” आणि मग जरा वेळाने, “लोक उगाच ह्याला आळशी म्हणतात. पोटासाठी एवढं राबणारा जनावरात दुसरा नसेल.”

मला हे तिचे मत नेमके वाटते. पांड्याचे लोळणे आणि त्याचे गुबगुबीत गाल यांवर जगभर इतके हसू ओवाळून टाकले जाते, की तो सतत काटकसरीत जगणारा प्राणी आहे, हे ध्यानातच येत नाही. तो हळू चालतो, कारण धावण्याइतकी शिल्लक त्याच्यापाशी नसते.

तेवढ्यात एक सेवक आत आला आणि काई काईने बाजूला टाकलेले बांबू गोळा करू लागला. दिलेला बांबू किती, उरलेला किती, हे तोलून पाहणे हा पांड्यांच्या देखभालीचा नेहमीचा भाग असतो. कोणती जात त्याने खाल्ली, कोणती नुसती हुंगून टाकली, विष्ठेत काय पडले, यावरून त्याची प्रकृती जोखली जाते, कारण पांडा आपले दुखणे सांगत नाही आणि सहजासहजी दिसूही देत नाही. आईला यातले काहीही समजावून सांगावे लागले नाही. तो माणूस उरलेल्या फांद्या उलटसुलट करून पाहत होता, आणि ती त्याच्याकडे एकटक बघत होती. “चांगलं ताट बघतोय,” ती म्हणाली.

त्यानंतर ती आपणहून मेंबरांविषयी बोलू लागली. भावाला आणि मला ठाऊक नसलेली कितीतरी माणसे तिने त्या गारठ्यात एकेक करून आणून बसवली. आमटीत बोट बुडवून मीठ पाहिल्याशिवाय पहिला घास न घेणारा, बायकोचे पत्र आले की जेवताना मुद्दाम शेवटच्या पंगतीला थांबणारा, सोमवारी उपास सांगून पैसे वाचवणारा आणि ते ओळखून ज्याच्या ताटात मूठभर साबुदाणा फुकट वाढावा लागे तो. मग ती संपावर आली.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीचे काही महिने मेंबर उधारीवर जेवले, मग लाजेने येईनासे झाले आणि एकेक करून गावी निघून गेले. आईच्या वहीत खाडेच खाडे झाले. 1983 पर्यंत आमची पंगत जवळजवळ मोडली. अण्णांचे साचेखाते पुन्हा कधीच नीट चालू झाले नाही.

त्याच 1983 साली सिचुआनमधल्या वोलोंगच्या जंगलात बांबूला फुलोरा आला होता. कोकणातल्या माणसाला फुललेल्या बांबूचा अर्थ सांगायला नको. एका जातीचा बांबू अनेक वर्षांनी एकाच वेळी फुलतो आणि फुलून झाला की सगळा वाळून मरतो. आपल्याकडे त्याला दुष्काळाची खूण मानतात. पूर्वी अशा वेळी पांडे दुसऱ्या उंचीवरच्या, दुसऱ्या जातीच्या बांबूकडे सरकत असत. आता मध्ये शेते आणि रस्ते आले होते, ती वाट तुटली होती. उपाशी पांड्यांना वाचवण्यासाठी चीनमध्ये आणि बाहेरही मोहिमा निघाल्या. मी हे आईला सांगितले, तेव्हा तिने काई काईकडे न बघता विचारले, “ज्यांना जायला गावच नव्हतं, त्यांचं काय झालं?” ती पांड्यांविषयी विचारत होती की मेंबरांविषयी, हे मला कळले नाही, आणि मी ते तिला विचारलेही नाही. पांड्यांविषयीचे उत्तर तरी बरे आहे. राखीव जंगले वाढली, तुटलेल्या जंगलांना जोडणाऱ्या वाटा राखण्यात आल्या, 2015 मध्ये जाहीर झालेल्या गणनेत जंगलातले 1,864 पांडे नोंदले गेले, आणि 2016 मध्ये त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून एक पायरी खाली, असुरक्षित या वर्गात आणण्यात आले.

पांड्यांच्या राजकारणाविषयी फार बोलत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एवढेच सांगते, की 1980 च्या दशकापासून चीन पांडे भेट देण्याऐवजी बहुधा कराराने देतो, साधारण दहा वर्षांसाठी, आणि परदेशात जन्मलेले पिल्लूही चीनचेच मानले जाते. काई काई आणि जिया जिया यांना 14 ऑगस्ट 2021 ला ले ले नावाचे पिल्लू झाले. जन्मत: पांड्याचे पिल्लू शंभरेक ग्रॅमचे असते, गुलाबी, डोळे मिटलेले, आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेव्या हिश्शाएवढे. ते जन्मल्यावर पांड्याची मादी कित्येक दिवस जागची उठत नाही. खायलाही नाही, पाणी प्यायलाही नाही. जिची सारी हयात खाण्यात जाते, तीच त्या दिवसांत उपाशी राहते. हे ऐकून भाची हेलावून गेली; आईला त्यात नवल वाटले नाही. सगळ्यांचे आटोपल्यावर, उरले तर, हा तिच्या स्वत:च्या जेवणाचा नियम आम्ही जन्मभर पाहत आलो होतो आणि त्या नियमाकडे आम्ही कधी लक्ष दिले नव्हते.

ले ले आम्हांला दिसला नाही. जानेवारी 2024 मध्ये तो करारानुसार चीनला रवाना झाला. त्याची जागा पाहताना भावाला हळहळ वाटली. आई म्हणाली, “ठेव होती, परत केली. पण पोसला चांगला असेल, बापावरून दिसतंय.” खानावळवालीकडून एका संस्थेला याहून मोठे प्रशस्तिपत्रक मिळणे शक्य नाही.

मुंबईला परतल्यावर ती राणीच्या बागेचे नाव काढू लागली आहे. पिंजऱ्यांत एरवी रस नसलेल्या बाईने हे म्हणावे, याचे आम्हांला आश्चर्य वाटले. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून पेंग्विन आले, तेव्हाही ती गेली नव्हती; दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे पक्षी भायखळ्यात बर्फाच्या खोलीत ठेवायचे हा पैशाचा चुराडा आहे, असे तेव्हा तिचे मत होते आणि ते तिने अजून मागे घेतलेले नाही. पण पेंग्विन मासे खातात, हे तिला भाचीकडून कळले आहे. ते मासे कोणते आणि ताजे असतात की बर्फातले, हे तिला बघायचे आहे. बुधवारी बाग बंद असते, म्हणून येत्या रविवारी दुपारी जेवणे आटोपून निघायचे ठरले आहे, आणि खुर्ची न्यायची की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.

नमस्कार.